हातगाडीवरील अन्न आणि आमचे सोवळे

आमच्या पांढरपेशा वर्गाचे हातगाडीवरील अन्नाशी असलेले नाते मोठे चमत्कारिक आहे. दिवेलागणीपासून रात्री दहापर्यंत मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर अशा कोणत्याही शहराच्या चौकात जाऊन पाहावे. भेळ, पाणीपुरी, वडापाव, मिसळ, डोसा, ऑम्लेट-पाव ह्या जिनसांच्या गाड्यांभोवती जो घोळका जमलेला असतो, त्यात हमाल व रिक्षावाले असतात, तसेच वकील, प्राध्यापक, बँकांतील अधिकारी आणि त्यांची मुलेबाळेही असतात. आणि ह्याच मंडळींच्या गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभांत, फाटकासमोरील गाड्या उठवाव्या म्हणून महापालिकेस अर्ज करण्याचा ठराव दरसाल येतो व बहुधा एकमताने संमत होतो. सभा लांबलीच, तर ठरावाला हात वर करणारे सभासद घरी परतताना त्याच गाडीवरून चार वडे बांधून नेतात.

ह्याला दंभ म्हणून मोकळे होता येईल. परंतु दंभ करणाराला आपण दंभ करीत आहो हे निदान ठाऊक असते; येथे ते कोणाच्या ध्यानीमनीही नसते. जिभेने एक सांगावे, मनाने दुसरे सांगावे आणि दोघांची कधी गाठच पडू नये, अशी ही स्थिती आहे. तिचे मूळ शोधू गेल्यास ते आरोग्यशास्त्रात फारसे सापडत नाही. ते आमच्या सोवळ्यात सापडते.

‘बाहेरचे खाणे’ हा शब्दप्रयोगच पाहावा. घराबाहेर शिजलेले अन्न वाईट, ही समजूत आमच्याकडे जंतूंचा शोध लागण्यापूर्वी कित्येक शतके नांदत होती. अन्न ताजे की शिळे, झाकलेले की उघडे, हा त्या काळचा मुख्य प्रश्न नव्हता. ते कोणाच्या हातचे, एवढेच पाहावयाचे. वसईकडे आणि गोव्यात विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटविल्याच्या कथा अजून सांगतात. त्या कथा किती खऱ्या, हा प्रश्न येथे अप्रस्तुत आहे. पावाचा तुकडा पडलेल्या विहिरीचे पाणी प्यायल्याने मनुष्य आपल्या जातीस मुकतो, हे ऐकणारांस पटत होते, इतकेच महत्त्वाचे. पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये 1890 च्या ऑक्टोबरात व्याख्यानानंतर चहा आणि बिस्किटे पुढे आली, आणि तेथे हजर असलेल्या रानडे, टिळक प्रभृती मंडळींवर ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि रानड्यांसारख्या पुरुषासही अखेर प्रायश्चित्त घेणे भाग पडले. चहाचे पेले नीट विसळले होते की नाही, असा काही तो वाद नव्हता.

पुढे शंभर-सव्वाशे वर्षांत पाव आमच्या घराघरांत शिरला, चहाने तर देवघरापर्यंत मजल मारली. विटाळ हा शब्द सुशिक्षितांच्या तोंडी आता येत नाही. त्याची लाज वाटू लागली हे चांगलेच झाले. परंतु शब्द गेला म्हणून भावना गेली असे होत नाही. ‘हायजीन’ हा शब्द पुष्कळदा त्या भावनेचेच नवे उपरणे असतो. ह्याची परीक्षा फार सोपी आहे. स्वच्छतेची खरी काळजी असणारा मनुष्य भांडी कोणत्या पाण्यात धुतली, तेल कितीदा तापले, कांदा केव्हा चिरला, हे विचारील. आमची मंडळी ह्यांपैकी काहीएक विचारीत नाहीत. ती गाडीवाल्याच्या मळक्या सदऱ्याकडे पाहतात, त्याच्या बोलीवरून तो कोणत्या प्रांताचा ह्याचा अंदाज बांधतात, आणि तेवढ्यावरून निकाल देतात.

‘घरगुती’ हा शब्दही असाच तपासून पाहण्याजोगा आहे. गिरगाव, दादर, डोंबिवली किंवा पुण्याच्या पेठा येथे पोळीभाजी केंद्रे जागोजाग आहेत. दोघेही नोकरी करणाऱ्या कुटुंबांचा संसार आज त्यांच्यावर चालतो, आणि त्यात काही वावगे आहे असे आम्हांस मुळीच वाटत नाही. उलट, स्त्रीच्या डोक्यावरचा तव्याचा भार ज्याने उतरतो ते कोणतेही दुकान धन्य होय. प्रश्न एवढाच की, त्या पाटीवरील ‘घरगुती’ ह्या विशेषणाचा अर्थ काय? आत दहा बायका दिवसभर शेकडो पोळ्या लाटीत उभ्या असतात. ते घर नव्हे, छोटा कारखानाच आहे. तरी गिऱ्हाइकाला ‘घरगुती’ वाचून जो दिलासा मिळतो, तो चवीचा असतो तितकाच, कोणाचे घर, ह्या न विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तराचाही असतो. एके काळी पाट्यांवर ‘ब्राह्मणांची खानावळ’ असे स्वच्छ लिहीत. त्यात निदान आडपडदा तरी नव्हता.

खानावळीवरून आठवले. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून व घाटावरून आलेले हजारो कामगार ज्या बायकांच्या हातचे जेवत, त्या खानावळवाल्या बायकांची संघटना प्रेमा पुरव ह्यांनी 1975 साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ ह्या नावाने उभारली. सावकाराच्या व्याजातून त्यांस सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देणे, हे तिचे पहिले काम होते. ज्यांच्या हातच्या भाकरीवर मुंबईचा कापडधंदा उभा राहिला, त्या बायकांना बँकेच्या दारात पाऊल टाकता यावे म्हणून संघटना काढावी लागली, ह्यावरून अन्न शिजवून विकणाराला आमच्या समाजात काय किंमत होती ते कळते.

तीच गोष्ट वडापावाची. हा पदार्थ 1966 च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य ह्यांच्या गाडीवर प्रथम विकला गेला, असे सर्वसाधारणपणे सांगतात. पहाटे घर सोडून रात्री परतणारा मनुष्य उभ्या उभ्या, एका हाताने, ताटवाटीवाचून काय खाऊ शकेल, ह्या प्रश्नाचे ते उत्तर होते. पुढे 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि त्यांतील फार मोठ्या संख्येला गिरणीचे दार पुन्हा उघडलेच नाही. कालपर्यंत गाडीवर खाणारे कित्येक जण मग स्वतःच गाडी लावून उभे राहिले. घरात बायको वड्यांचे सारण करी, नवरा कढईपुढे बसे. शहराने ज्यांचा रोजगार काढून घेतला त्यांनी शहराच्या पदपथावर रोजगार शोधला. त्यांस ‘अतिक्रमण’ म्हणणे कायद्याच्या भाषेत बरोबर असेलही. परंतु आधी कोणी कोणावर अतिक्रमण केले, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

हल्ली रस्त्यांवर ‘फूड ट्रक’ नावाचे नवे वाहन दिसू लागले आहे. रंगवलेली मोटार, तिला कापलेली खिडकी, आत शेगडी, वर विजेच्या दिव्यांची माळ. ह्यांच्याविरुद्ध आम्ही काही लिहिणार नाही. पुष्कळ तरुण मुले हिमतीने हा धंदा करीत आहेत. परंतु ह्या मोटारीपुढे पांढरपेशा गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर जो विश्वास दिसतो तो चार पावलांवरील हातगाडीपुढे का दिसत नाही? दोघेही रस्त्यावरच उभे, दोघांचेही पाणी पिंपातलेच. फरक एवढाच की, एकाची पाटी इंग्रजी वळणाची आहे आणि शेगडीमागील मनुष्य आमच्यासारखे बोलतो. घरपोच येणाऱ्या जेवणाचा प्रकार तर ह्याहून नवलाचा आहे. ते अन्न कोणत्या तळघरात, कोणी, कसे शिजवले हे खाणाराने जन्मात पाहिलेले नसते. तरी चिकटपट्टी लावलेल्या खोक्यातून आले म्हणजे ते निर्धोक वाटते. हातगाडीवाल्याचा घाणा मात्र तुमच्या डोळ्यांदेखत निघतो. त्याची परात, त्याचा झारा, त्याचे हात, सारे उघड्यावर आहे. इतकी उघडी पाकशाला शहरात दुसरी नाही, आणि उघडी असल्यामुळेच तिच्यावर सगळा रोष.

आता ह्यावर आक्षेप येईल की, हे सर्व अलंकारिक बोलणे झाले. गाडीवरचे खाऊन माणसे आजारी पडतात ते खोटे काय? खोटे मुळीच नाही. विषमज्वर, कावीळ, हगवण हे रोग घाणेरड्या पाण्यातून आणि अन्नातून पसरतात, आणि पावसाळ्यात पाणीपुरीच्या गाडीपुढे उभे राहणे हे धाडसाचे काम आहे हे आम्हांस मान्य आहे. परंतु रोग कोठून शिरतो ते तरी नीट पाहावे. कढईतून नुकत्याच निघालेल्या वड्यात किंवा तव्यावर भाजलेल्या डोशात रोगजंतू जगत नाहीत. धोका असतो तो पुदिन्याच्या पाण्यात, बर्फात, कच्च्या चटणीत, सकाळी चिरून ठेवलेल्या कांद्यात, आणि एकाच बादलीत दिवसभर बुचकळलेल्या बशीत. म्हणजे बहुतेक ठिकाणी प्रश्न येऊन ठेपतो तो पाण्यावर. आणि पाणी गाडीवाल्याने आणावे कोठून? शेजारच्या उपाहारगृहाच्या मालकाला विनवून, सार्वजनिक शौचालयाच्या नळावरून, नाहीतर पैसे मोजून. एका पिंपात त्याला पिण्याचे, शिजविण्याचे आणि विसळण्याचे पाणी भागवायचे असते. तो बशी दोनदा धूत नाही ह्याचे कारण त्याला स्वच्छता कळत नाही हे नव्हे. दुसऱ्या धुण्याचे पाणी त्याच्यापाशी नसते. महापालिका त्याला नळ देत नाही, सांडपाण्याला मोरी देत नाही, आणि मग अस्वच्छतेबद्दल त्याची गाडी उचलून नेते.

तेलाचे म्हणाल तर तेथेही दोष सगळा खालच्याचाच नाही. तळणीचे तेल किती बिघडले म्हणजे टाकून द्यावे ह्याची मर्यादा 1 जुलै 2018 पासून सर्वांस लागू झाली. त्याच वर्षी मोठ्या कारखान्यांतील व उपाहारगृहांतील वापरलेले तेल गोळा करून त्याचे इंधन करण्याची योजना निघाली, ती कशासाठी? ते तेल स्वस्तात लहान विक्रेत्यांच्या कढईत जाऊन पडू नये म्हणून. म्हणजे वातानुकूलित दालनात एकदा तळून झालेले तेलच पदपथावर उतरते. एक दोष मात्र गाडीवाल्याचा स्वतःचा आहे, आणि त्याला पाण्याची सबब चालणार नाही. तळलेला पदार्थ छापील वर्तमानपत्रात बांधू नये, शाई अन्नात उतरते, अशी ताकीद 2016 सालीच देण्यात आली आहे; तरी वडे अजून वर्तमानपत्रातच बांधले जातात. फेरीवाल्यांविरुद्धचे अग्रलेखही त्या निमित्ताने घरोघर पोहोचतात ही गोष्ट वेगळी.

कायद्याविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. कारण सुशिक्षित मनुष्य गाडीवाल्याला ‘बेकायदा’ म्हणतो तेव्हा त्याने कायदा बहुधा वाचलेला नसतो. मुंबई महानगरपालिकेचा कायदा 1888 सालचा, परक्या राजवटीतला. त्याच्या 314 व्या कलमाने रस्त्यावरील वस्तू नोटीस दिल्यावाचून उचलण्याचा अधिकार आयुक्तांस दिला. नव्या परवान्यांचे दार पुढे कित्येक वर्षे बंदच राहिले. म्हणजे परवाना मागितला तर द्यावयाचा नाही, आणि नाही म्हणून गाडी न्यावयाची. सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली सोदनसिंग ह्यांच्या खटल्यात, रस्त्यावर माल विकणे हा घटनेने दिलेल्या धंद्याच्या स्वातंत्र्याचा भाग आहे, त्यावर वाजवी बंधने घालता येतील, परंतु तो मुळातच नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, 2014 साली, संसदेने पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात स्पष्ट म्हटले आहे की, विक्रेत्यांची पाहणी होऊन त्यांस प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणासही उठवू नये. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांस जागा द्यावी. आणि नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडलेले असावे, त्यांतही एकतृतीयांश स्त्रिया असाव्या. 2011 च्या खानेसुमारीप्रमाणे मुंबईची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 24 लाख होती. तिचे अडीच टक्के म्हणजे तीन लाखांवर विक्रेते झाले. प्रत्यक्षात त्या समितीसाठी मुंबईत विक्रेत्यांचे मतदान व्हावयासच 2024 चा ऑगस्ट उजाडावा लागला. तेव्हा बेकायदा कोण? दहा वर्षे कायदा न पाळणारी संस्था, की तिच्या दाराशी प्रमाणपत्राची वाट पाहत वडे तळणारा मनुष्य?

अन्नाच्या कायद्याचेही असेच आहे. 2011 साली निघालेल्या नियमांत, वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान अन्नविक्रेत्याने केवळ नोंदणी करावी व तीस वर्षाला शंभर रुपये शुल्क द्यावे, असे ठरले. इतकी साधी गोष्ट. परंतु ज्या मनुष्याची गाडी उद्या कोणत्या कोपऱ्यावर असेल हे त्यालाच सांगता येत नाही, त्याने पत्ता म्हणून काय लिहावे? आणि जागा नक्की नाही म्हणून शंभर रुपयांच्या पावतीऐवजी तो ज्यांना हप्ता देतो त्याला पावती नसते. 2020 साली टाळेबंदीनंतर केंद्र सरकारने पथविक्रेत्यांस दहा हजार रुपयांचे कर्ज देण्याची योजना काढली. एका हाताने सरकार गाडीसाठी कर्ज देते आणि दुसऱ्या हाताने महापालिका ती गाडी गोदामात नेऊन टाकते, असा खेळ आज चालला आहे.

राहिला पदपथाचा प्रश्न. चालणाराला वाट हवी, ह्यात कोणाचे दुमत असण्याचे कारण नाही. अंध, वृद्ध आणि मुलाला कडेवर घेतलेली बाई ह्यांचा हक्क वड्याच्या आधी आहे. परंतु रस्ता अडविण्याच्या बाबतीत आमचा राग फार निवडक आहे. रस्त्याच्या दोहों बाजूंस दिवसरात्र उभ्या असलेल्या मोटारी कोणाच्या डोळ्यांत खुपत नाहीत, कारण त्या आमच्या आहेत. एका मोटारीच्या जागेत दोन गाड्या लागतात व दोन कुटुंबे जगतात; मोटार तेथे रात्रभर नुसती झोपलेली असते. 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड स्टेशनाच्या पुलावर, अरुंद जिन्यात चेंगरून 23 माणसे मेली. दोष जिन्याचा होता, गर्दी वाढत असता पूल न वाढविणाऱ्यांचा होता. राग निघाला तो फेरीवाल्यांवर. स्टेशनांबाहेर त्यांना मारहाण झाली, आणि नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने रेल्वे स्टेशनांपासून 150 मीटरांच्या आत विक्रीस मनाई केली. आता, घाईने गाडी पकडणारा भुकेला मनुष्य जेथे असतो तेथेच खाण्याची गाडी लागणार. दीडशे मीटरांपलीकडे ती कोणासाठी लावायची? मनाई करून गाडी नाहीशी होत नाही, तिचा हप्ता मात्र वाढतो.

दुसरीकडे काय केले ते पाहिले म्हणजे आमची सबब किती लटकी आहे ते दिसते. सिंगापुरात 1960 च्या दशकाअखेर सुमारे 18,000 फेरीवाल्यांची नोंद झाली. पुढील पंधरा-सतरा वर्षांत त्यांस क्रमाक्रमाने छपराखाली, नळ आणि गटार असलेल्या बाजारांत जागा दिल्या. खाणारांचे आणि शिजविणारांचे नाते तुटू दिले नाही. 2020 साली युनेस्कोने ह्या खाद्यसंस्कृतीची मानवजातीच्या वारशात गणना केली. सिंगापूरची शिस्त आम्हांस झेपणारी नाही असे कोणी म्हणेल, तर जवळचे पाहू. अहमदाबादेस कांकरिया तलावाकाठच्या खाद्यविक्रेत्यांस 2018 साली स्वच्छतेचे केंद्रीय प्रमाणपत्र मिळाले. होळकरांच्या इंदुरात छप्पन दुकानांस ते 2019 साली मिळाले. आणि त्याच गावच्या सराफ्यात दिवसा सोन्याचांदीची दुकाने व रात्री त्यांच्याच पायऱ्यांपुढे जिलबी, भुट्ट्याचा कीस, दहीवडे अशी वाटणी फार वर्षांची आहे. सराफाला आपल्या ओट्याचा विटाळ वाटत नाही. रात्री गल्ली जागती राहते हे त्याला सोयीचेच वाटते. इंदुरातील आमचे मराठी आप्त तेथे पाहुण्यास मुद्दाम घेऊन जातात, आणि तेच पाहुणे पुण्यास परतल्यावर चौकातील गाडीविरुद्ध अर्ज करतात.

एक सावधगिरी येथे सांगितली पाहिजे. जागा नेमून देणे ह्याचा अर्थ गाडीवाल्याला गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात नेऊन बसविणे, किंवा चौपाटी सुशोभित करून तिचे भाडे त्याच्या आवाक्याबाहेर नेणे असा होऊ लागला, तर तो हुसकून लावण्याचाच सभ्य प्रकार ठरेल. महाराष्ट्र सरकारने 1995 नंतर एका रुपयात झुणकाभाकर देणारी केंद्रे काढली, तेव्हा पदपथावरील जागा सरकारलाही चालल्या होत्या. पुढे सरकार बदलल्यावर योजना बंद पडली. गरिबाने एक रुपयात जेवावे ही कल्पना गेली, टपऱ्या तेवढ्या पुष्कळ ठिकाणी उरल्या.

2014 च्या कायद्याने नगर पथविक्रेता समितीत रहिवाशांच्या संघांसही स्थान दिले आहे, ही गोष्ट फारच थोड्या गृहनिर्माण संस्थांस माहीत असेल. तक्रारीचा अर्ज लिहिण्यात ज्या सभासदांचा हातखंडा आहे त्यांनी ते स्थान मागून घ्यावे. तेथे गाडीवाला समोरच बसलेला असेल, आणि त्याला पाणी कोठून आणतोस हे विचारता येईल. आपल्या चौकात नळ कोठे बसवावयाचा, त्याची मोरी कोणत्या गटारास जोडावयाची आणि उष्ट्या द्रोणांचा डबा रात्री कितीला उचलला जावयाचा, एवढ्या तीन बाबी पहिल्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घातल्या तरी पुरे आहे.